नोकरी सांभाळून लेखाशास्त्राची पदवी: ठाणे-नवी मुंबईतील प्रौढ विद्यार्थ्यांसाठी

वाशीच्या घाऊक बाजारात, वागळे इस्टेटमधील कारखान्यांत आणि ठाणे-बेलापूर रस्त्यालगतच्या कार्यालयांत हिशेबाचे काम करणाऱ्या अनेकांचे शिक्षण बारावीनंतर किंवा बी. कॉम.च्या मधल्या वर्षात सुटलेले असते. टॅली या हिशेबाच्या संगणक प्रणालीत नोंदी करणे, बिले जुळवणे, मालकाला महिनाअखेरीचे आकडे काढून देणे ही कामे त्यांना चांगली जमतात, मात्र बढतीच्या किंवा नव्या नोकरीच्या वेळी पदवीचा रकाना रिकामा राहतो. अशा व्यक्तीने तिशी-चाळिशीत पुन्हा प्रवेश घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. कारण हाताखालून गेलेल्या व्यवहारांमुळे हा विषय तिला कोवळ्या वयातील विद्यार्थ्यापेक्षा लवकर उमगतो. त्यासाठी निवड आणि तयारी नीट व्हायला हवी.

प्रथम शिक्षणाची पद्धत ठरवावी. दूरस्थ शिक्षणात छापील किंवा डिजिटल अभ्याससाहित्य मिळते, काही संपर्कसत्रे (शिक्षकांसमोरचे वर्ग) होतात आणि परीक्षा सामान्यतः केंद्रावर जाऊन द्यावी लागते. ऑनलाइन शिक्षणात व्याख्याने, वाचनसाहित्य, चर्चा आणि स्वाध्याय (असाइनमेंट) हे सर्व संगणकावर चालते. इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ, नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ आणि मुंबई विद्यापीठाचे दूरस्थ व ऑनलाइन शिक्षण केंद्र, म्हणजे पूर्वीचे ‘आयडॉल’, ही नावे आपल्याकडे परिचित आहेत. ज्यांचे शालेय शिक्षण मराठीतून झाले आहे त्यांनी अभ्याससाहित्य आणि उत्तरपत्रिका कोणत्या माध्यमात आहेत, हे शुल्क भरण्यापूर्वीच विचारून घ्यावे.

मान्यतेची खात्री स्वतः करावी, कोणाच्या शब्दावर विसंबू नये. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या दूरशिक्षण विभागाच्या (डिस्टन्स एज्युकेशन ब्युरो, म्हणजे ‘डेब’) संकेतस्थळावर कोणत्या विद्यापीठाच्या कोणत्या अभ्यासक्रमाला कोणत्या सत्रासाठी परवानगी आहे, याची यादी असते. विद्यापीठ मान्यताप्राप्त असले तरी तेवढ्याने त्याचा प्रत्येक दूरस्थ अभ्यासक्रम मान्य ठरत नाही, म्हणून नेमका अभ्यासक्रम आणि नेमके सत्र पाहावे. परवानगी असलेल्या अभ्यासक्रमाची पदवी आयोगाच्या २०२० च्या विनियमांनुसार नियमित पदवीशी समकक्ष मानली जाते. विद्यापीठांनी आपले अभ्यासक्रम फ्रँचायझीने दुसऱ्या संस्थांना चालवायला देण्यास आयोगाने मनाई केली आहे. त्यामुळे एखादा क्लासवाला ‘प्रवेश, परीक्षा, सगळे आम्ही बघतो’ म्हणू लागला, तर तिथून उठावे आणि शुल्क थेट विद्यापीठाच्याच संकेतस्थळावर भरावे.

२०२४ पासून दूरस्थ व ऑनलाइन प्रवेशासाठी ‘डेब आयडी’, म्हणजे वर सांगितलेल्या दूरशिक्षण विभागाचा विद्यार्थी क्रमांक, लागतो आणि तो काढण्याआधी डिजिलॉकर या सरकारी कागदपत्र-सेवेमार्फत ‘एबीसी आयडी’, म्हणजे ‘अकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्स’मधील खाते क्रमांक, तयार करावा लागतो. विवाहानंतर नाव बदललेल्या महिलांचे काम इथे हमखास अडते, कारण दहावी-बारावीच्या गुणपत्रिकेवर माहेरचे आणि आधार कार्डावर सासरचे नाव असते. विवाह नोंदणी प्रमाणपत्र किंवा राजपत्रातील नावबदलाची प्रत मुदतीच्या बऱ्याच आधी काढून ठेवावी. पूर्वी अर्धवट सोडलेल्या पदवीच्या गुणपत्रिकाही जपाव्यात. जुन्या वर्षांचे श्रेयांक (क्रेडिट) धरले जातील की नव्याने सुरुवात करावी लागेल, याचे उत्तर विद्यापीठाकडून लेखी घ्यावे.

वेळेचा हिशेब कठोरपणे करायला हवा. दूरस्थ शिक्षणात एका श्रेयांकासाठी सुमारे ३० तास अभ्यास धरण्याची पद्धत आहे, म्हणजे सहा श्रेयांकांच्या एका विषयाला १८० तास लागतात आणि सहा महिन्यांच्या सत्रात त्या एकाच विषयासाठी आठवड्याला जवळपास सात तास काढावे लागतात. हिशेबाचे काम रोज करणाऱ्याला लेखाशास्त्रात यापेक्षा कमी वेळ पुरेल. व्यावसायिक कायदा किंवा अर्थशास्त्र या विषयांत मात्र तशी सवलत मिळत नाही. बहुतेक मुक्त विद्यापीठे पदवी पूर्ण करण्यासाठी किमान कालावधीपेक्षा बरीच अधिक मुदत देतात, तेव्हा मार्चअखेरीच्या धावपळीत कमी विषयांची परीक्षा देण्यात काहीही गैर नाही. ठाणे ते वाशी या लोकलच्या अर्ध्या तासात व्याख्यान ऐकता येते किंवा कायद्याचे प्रकरण वाचता येते, पण उदाहरणे सोडवायला टेबल आणि शांतता लागते. घरी ते शक्य नसेल तर परिसरातील अभ्यासिकेत रविवारची सकाळ राखून ठेवावी.

लेखाशास्त्र हात चालवूनच येते. व्हिडिओ पाहताना प्रत्येक नोंद पटते आणि कोरा कागद समोर आला की नावे (डेबिट) कोणते आणि जमा (क्रेडिट) कोणते इथेच अडखळायला होते. एक व्यवहार घेऊन पाहू. तुर्भ्याच्या व्यापाऱ्याने पुण्याच्या पुरवठादाराकडून ४०,००० रुपयांचा माल उधारीवर घेतला आणि त्यावर १८ टक्के जीएसटी लागला. दोघेही महाराष्ट्रातले असल्याने कर केंद्र आणि राज्य यांत निम्मा-निम्मा विभागला जातो. रोजकीर्दीत (जर्नल) खरेदी खाते ४०,००० रुपयांनी, इनपुट सीजीएसटी (खरेदीवरचा केंद्राचा कर) ३,६०० रुपयांनी आणि इनपुट एसजीएसटी (राज्याचा कर) ३,६०० रुपयांनी नावे होईल, तर पुरवठादाराचे खाते ४७,२०० रुपयांनी जमा होईल. हाच माल सुरतेहून, म्हणजे दुसऱ्या राज्यातून, आला असता तर दोन करांऐवजी ७,२०० रुपयांचा आयजीएसटी (आंतरराज्य व्यवहाराचा एकत्रित कर) आला असता. टॅली हे विभाजन क्षणात करते. म्हणूनच ते कागदावर स्वतः करून, खतावणी करून (नोंदी खात्यांत उतरवून), तेरीज (ट्रायल बॅलन्स) जुळेपर्यंत नेणे आवश्यक आहे. तेरीज जुळली तरी चुकीच्या खात्यात गेलेली रक्कम तिच्यातून कळत नाही, ही गोष्टही अशी दोन-चार उदाहरणे सोडवल्यावरच मनात ठसते.

जुनी पाठ्यपुस्तके मूलतत्त्वांसाठी उपयोगी आहेत, करांसाठी नाहीत. जीएसटी १ जुलै २०१७ रोजी आला, कंपन्यांसाठी २०१३ चा कायदा लागू आहे, १९६१ च्या आयकर कायद्याची जागा १ एप्रिल २०२६ पासून २०२५ च्या नव्या कायद्याने घेतली आहे. थोरल्या भावाची किंवा शेजाऱ्यांची वीस वर्षांपूर्वीची पुस्तके घसारा (वापराने मालमत्तेच्या किमतीत होणारी घट), भागीदारी खाती किंवा बँक जुळवणी पत्रक (आपली वही आणि पासबुक यांतील फरक जुळवणारा तक्ता) शिकण्यासाठी खुशाल वापरावीत, पण कराचे प्रकरण चालू अभ्याससाहित्यातूनच वाचावे.

सरावासाठी आपल्या गृहनिर्माण संस्थेचा वार्षिक अहवाल फार कामाचा असतो. सभासदाला तो वार्षिक सर्वसाधारण सभेपूर्वी मिळतोच. त्यातील ताळेबंदात सिंकिंग फंड (इमारतीच्या मोठ्या कामांसाठीचा राखीव निधी) आणि दुरुस्ती निधी दायित्वांच्या बाजूला का आहेत, सभासदांकडील थकबाकी मालमत्तांच्या बाजूला का आहे, बँकेतील शिल्लक आणि पासबुकातील आकडा यांत फरक का पडला, हे प्रश्न घेऊन खजिनदारांकडे बसावे. वर्षअखेरीस दिलेला, पण बँकेत अद्याप न वटलेला लिफ्ट कंत्राटदाराचा एक धनादेश प्रत्यक्ष पाहिला की बँक जुळवणी पत्रक पाठ करावे लागत नाही.

परीक्षा लेखी असेल तर किमान महिनाभर आधीपासून घड्याळ लावून संपूर्ण प्रश्नपत्रिका सोडवाव्यात, कारण कीबोर्डला सरावलेला हात तीन तास सलग लिहिताना दुखतो आणि अंतिम खात्यांचे मोठे उदाहरण अर्धे राहते. स्वाध्यायांच्या गुणांकडेही दुर्लक्ष करू नये, विशेषतः ज्यांना पुढे सनदी लेखापाल (सीए) व्हायचे आहे त्यांनी. वाणिज्य पदवीला ५५ टक्के गुण असतील तर सीएची पहिली, म्हणजे फाउंडेशन, परीक्षा न देता थेट दुसऱ्या, इंटरमिजिएट टप्प्याला नोंदणी करता येते, आणि एक-दोन टक्क्यांनी ही संधी हुकू नये म्हणून पहिल्या सत्रापासूनच प्रत्येक स्वाध्याय वेळेत पाठवून त्याची पोच जपून ठेवावी.