हात वर केला की धाप लागते, त्यांच्यासाठी

जिना चढताना दम लागतो हे सगळ्यांना पटतं. पण केस विंचरताना, दोरीवर कपडे वाळत घालताना किंवा फडताळातला वरचा डबा काढताना धाप लागते असं सांगितलं, की घरचेसुद्धा जरा संशयाने बघतात. सीओपीडी, म्हणजे श्वासनळ्या अरुंद करणारा फुफ्फुसांचा जुनाट आजार, झालेल्यांचं हे अगदी खरं दुखणं आहे आणि त्यावर घरच्या घरी करता येण्यासारखं बरंच काही आहे. मी ग्वाल्हेरला, लष्कर भागात, घरोघरी जाऊन फिजिओथेरपी देते. जन्मात कधी विडी-सिगारेटला हात न लावलेल्या, पण चुलीच्या आणि शेगडीच्या धुरात उभा संसार केलेल्या काकू-आजी मला जुन्या वाड्यांमधून भेटतात. त्यांना जे शिकवते, तेच इथे लिहिते आहे.

आधी हे का होतं ते समजून घ्या, म्हणजे व्यायाम डोळे मिटून करावा लागणार नाही. या आजारात श्वासनळ्या अरुंद होतात. हवा आत जाते, पण पुरती बाहेर पडत नाही. ती साचत जाते आणि छाती फुगलेलीच राहते. छाती आणि पोटाच्या मधला पडदा, म्हणजे श्वासपटल, त्यामुळे खाली दाबला जाऊन चपटा होतो आणि त्याची ताकद कमी पडते. मग श्वास ओढायला मानेचे आणि खांद्यांचे स्नायू धावून येतात. नेमके तेच स्नायू हात उचलायलाही लागतात. हात वर गेला की त्यांच्यावर दोन्ही कामं पडतात आणि श्वास अपुरा पडतो. म्हणून माझं म्हणणं एकच: श्वासाचा आणि हाताचा व्यायाम वेगवेगळा करू नका. आधी श्वास सोडायला शिका, मग त्या सुटणाऱ्या श्वासावर हात उचला.

सुरुवात डॉक्टरांना विचारूनच करायची. हृदयाचा त्रास, ठिसूळ हाडं किंवा आखडलेला खांदा असेल तर ते आधी सांगा. झटपट आराम देणारा इन्हेलर डॉक्टरांनी व्यायामाआधी घ्यायला सांगितला असेल, तर तो घेऊन दहा-पंधरा मिनिटं थांबा. जेवणानंतर निदान तासभर जाऊ द्या, भरलं पोट श्वासपटलाला वर ढकलतं. आणि आपल्याकडच्या डिसेंबर-जानेवारीत पहाटे गच्चीवर मुळीच जाऊ नका. धुकं ओसरून ऊन आलं की करा. खोली गरम करायला आत शेगडी पेटवायची नाही, हे तर हात जोडून सांगते.

आता श्वास. खुर्चीत टेकून बसा, खांदे सैल सोडा. तोंड मिटून नाकाने हळू श्वास घ्या, मग ओठांचा चंबू करून फुंकर घातल्यासारखा सोडा. घेण्याच्या दुप्पट वेळ सोडायला लागला पाहिजे. फुंकरीमुळे नळ्यांमध्ये थोडा दाब टिकून राहतो, त्या लवकर मिटत नाहीत आणि साचलेली हवा बाहेर पडते. आमच्या गावात घरटी कुणी ना कुणी गाणं शिकलेलं असतं, म्हणून मी आकडे मोजायला न लावता दादरा, म्हणजे सहा मात्रांचा ताल, मोजायला सांगते. ‘धा धी’ या दोन मात्रांत घ्यायचा, ‘ना धा ती ना’ या चार मात्रांत सोडायचा. लय मध्य ठेवा, मनातल्या मनात म्हणा. जोर लावून छाती रिकामी करायची नाही, गाल फुगवायचे नाहीत. श्वास चार मात्रा पुरत नसेल तर तीनच मात्रांत सोडा. दिवसातून दोन-तीनदा पाच-पाच मिनिटं, बरं वाटत असताना करा. धाप लागल्यावर हा श्वास आपसूक सुचला पाहिजे, तेवढा तो अंगवळणी पडू द्या.

पोटाने श्वास घ्या, असंही सगळे सांगतात. फुफ्फुसं फार फुगलेली असतील तर त्या हट्टाने कष्टच वाढतात. करून बरं वाटलं तर करा, नाहीतर फुंकर पुरे.

धाप लागलीच तर टेबलावर दोन उशा ठेवून त्यांवर हात आणि डोकं टेका. नाहीतर पुढे झुकून कोपरं मांड्यांवर ठेवा. हातांना आधार मिळाला की खांद्याचे स्नायू श्वासाला मदत करायला मोकळे होतात. हेच तत्त्व पुढे कामी येतं.

हाताच्या व्यायामाला अर्ध्या लिटरच्या पाण्याच्या दोन बाटल्या आणा. भरली की बाटली साधारण अर्धा किलोची होते. पहिल्या आठवड्यात मात्र रिकाम्या हातांनीच करा. पाठ टेकून बसा. कोपर कमरेशी ठेवून मूठ खांद्याकडे आणा: नाकाने श्वास घेताना हात खाली, फुंकर सुरू झाली की वर. मग हात समोर, सरळ, खांद्याच्या उंचीपर्यंतच उचला आणि सावकाश खाली आणा. तसंच बाजूने. ताकद ज्या क्षणी लागते त्या क्षणी श्वास बाहेर जात असला पाहिजे, आणि कुठेही रोखून धरायचा नाही. सगळ्यात जास्त चुकतं ते इथेच, बाटली उचलताना माणूस नकळत दम कोंडतो. शेवटी भिंतीपासून हातभर लांब उभं राहून, तळवे छातीच्या उंचीवर टेकून, श्वास घेत पुढे झुकायचं आणि फुंकर घालत मागे यायचं. प्रत्येक प्रकार आठ ते बारा वेळा. मध्ये श्वास जाग्यावर येईपर्यंत विसावा घ्या, जमलं तर आणखी एक फेरी. आठवड्यातून तीन दिवस, एकाआड एक. बारा वेळा सहज जमू लागलं की मगच वजन वाढवा. फरक जाणवायला सहा ते आठ आठवडे लागतात. चालणं याच्या जोडीने चालूच ठेवायचं.

किती दम लागलेला चालतो? शून्य म्हणजे मुळीच नाही आणि दहा म्हणजे असह्य असं धरलं, तर तीन-चारवर राहा. एक वाक्य सलग बोलता आलं पाहिजे. ऑक्सिमीटर असेल तर 88च्या खाली गेल्यावर थांबा. डॉक्टरांनी तुमच्यासाठी वेगळा आकडा ठरवला असेल तर तो पाळा. थंडीत बोटं गार असली किंवा नखांना रंग असला तर आकडा चुकीचा दिसू शकतो. आधी हात चोळून ऊब आणा. ऑक्सिजन चालू असेल तर तो काढून व्यायाम करू नका.

हे सगळं करायचं ते रोजच्या कामांसाठी. माझ्याकडच्या एका काकूंना दुसऱ्या कुणी वेणी घातलेली अजिबात खपत नसे. त्यांना आम्ही आरशासमोर जेवणाचं टेबल ओढून दिलं, त्यावर उशा रचल्या. कोपरं उशीवर, मान किंचित पुढे, म्हणजे हात डोक्यापर्यंत न्यायच्या ऐवजी डोकंच हाताशी येतं. ‘धा धी’ला फणी केसांत, ‘ना धा ती ना’ला खाली. एक बाजू झाली की हात मांडीवर. अंबाडा पिळायचा एका दमात, मग विसावा, आणि आकडे दुसऱ्या दमात. वेळ पूर्वीपेक्षा जास्त लागतो, पण अंबाडा त्यांचा त्या घालतात, आणि तो कसा बसलाय ते दोनदा हात लावून बघतात. कपड्यांची दोरी अशीच छातीच्या उंचीवर आणून बांधा, बादली स्टुलावर ठेवा. अंघोळ बसून करा, डोक्यावर पाणी घेताना छोटा तांब्या वापरा.

टीव्हीवर बघून भस्त्रिका आणि कपालभाती करणारे पुष्कळ भेटतात. या आजारात जोराचे झटके दिले की सैल पडलेल्या श्वासनळ्या मिटतात आणि हवा आणखी अडकते. घट्ट कुंभक, म्हणजे श्वास कोंडून धरणंही नको. श्रद्धा असू द्या, पण मनाने करू नका, आधी डॉक्टरांशी बोला.

छातीत दुखलं, चक्कर आली किंवा छाती फार धडधडली तर तिथेच थांबा. थांबूनही त्रास कमी होत नसेल, ओठ निळे पडले किंवा दम इतका लागला की बोलता येईना, तर वाट न बघता दवाखाना गाठा. कफ वाढला, पिवळा-हिरवा झाला किंवा ताप आला, तर व्यायाम बंद आणि डॉक्टरांना फोन. आजारपण सरल्यावर डॉक्टरांनी होकार दिला की पुन्हा सुरू करा, पण जिथे सोडलं होतं तिथून नाही: आधी नुसती फुंकर, मग रिकामे हात, पाच-पाच वेळा, आणि बाटल्या आठवड्याभराने.