एनडी फिल्टर कसा निवडावा: आधी स्टॉप मोजा, मग काच घ्या

भर दुपार, स्वच्छ ऊन, सेकंदाला २५ फ्रेम्सचा लग्नाचा व्हिडिओ. शटर १/५० सेकंदावर आणि आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १०० वर ठेवला तरी एक्सपोजर बरोबर यायला ॲपर्चर, म्हणजे लेन्सचे छिद्र, जवळजवळ एफ/२२ पर्यंत बंद करावे लागते. मग नवरा-नवरीच्या मागचा विजेचा खांब, उभ्या गाड्या आणि पाण्याची टाकी सगळेच त्यांच्याइतके ठळक दिसते. शिवाय इतक्या बारीक छिद्रातून जाताना प्रकाश पसरतो आणि चित्राची धार बोथट होते. ॲपर्चर उघडे ठेवून शटरच १/२००० केला, तर नाचणाऱ्या माणसांचे हात तुटक, थरथरल्यासारखे दिसतात. या कोंडीतून सुटायला लेन्ससमोर प्रकाश कमी करणारी करडी काच लावतात. तीच एनडी, म्हणजे न्यूट्रल डेन्सिटी फिल्टर.

घोळ होतो तो विकत घेताना. सहा-आठ काचांचा संच स्वस्तात मिळतो म्हणून घेतला जातो आणि त्यातल्या दोनच काचा बॅगेबाहेर येतात. आपल्या कामाला किती अंधार हवा हे आधी ठरवले, तर बहुतेकांना दोन काचा पुरतात.

पायरी १: डबीवरचे आकडे ओळखा

एकच काच तीन प्रकारे लिहिली जाते: किती स्टॉप, प्रकाश किती पटीने कमी होतो (एनडीपुढचा आकडा) आणि घनता (दशांश आकडा). एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा.

१ स्टॉप = एनडी२ = ०.३
२ स्टॉप = एनडी४ = ०.६
३ स्टॉप = एनडी८ = ०.९
४ स्टॉप = एनडी१६ = १.२
५ स्टॉप = एनडी३२ = १.५
६ स्टॉप = एनडी६४ = १.८
१० स्टॉप = एनडी१००० = ३.०

शेवटच्या ओळीवर लोक हमखास फसतात. डबीवर ३.० वाचून तीन स्टॉपची समजून काच घेतात आणि कॅमेऱ्याला लावल्यावर पडदा काळा दिसतो. सिनेमाच्या चौकोनी काचांवर बहुधा घनता लिहिलेली असते आणि गोल फिल्टरवर पट, त्यामुळे ऑर्डर देताना स्टॉपमध्येच विचार करावा. दोन काचा एकावर एक लावल्या तर स्टॉपची बेरीज होते, पटींचा मात्र गुणाकार: एनडी८ आणि एनडी६४ मिळून ९ स्टॉप, म्हणजे एनडी५१२.

पायरी २: किती स्टॉप लागतात ते कॅमेऱ्यालाच विचारा

यासाठी फिल्टर जवळ असण्याची गरज नाही. ज्या वेळी आणि जिथे नेहमी काम करता तिथे जा आणि कॅमेरा मॅन्युअल मोडवर ठेवा. आयएसओ आणि ॲपर्चर तुम्हाला हवे तेच ठेवा, समजा आयएसओ १०० आणि एफ/२.८. आता कॅमेऱ्यातला प्रकाश मोजणारा मीटर शून्यावर येईपर्यंत फक्त शटरचा वेग वाढवत न्या आणि किती वेळा दुप्पट झाला ते मोजा. १/५० पासून १/१००, १/२००, १/४००, १/८००, १/१६००, १/३२००. सहा वेळा दुप्पट झाला, म्हणजे सहा स्टॉप. तुमची काच एनडी६४.

हेच गणित एफ/४ ला केले तर पाच स्टॉप येतात. ढगाळ दिवशी त्यातून आणखी तीनेक स्टॉप वजा होतात. सकाळी नऊला, दुपारी एकला आणि संध्याकाळी पाचला असे तीनदा मोजून आकडे लिहून ठेवले की खरेदीची यादी आपोआप तयार होते.

लॉग प्रोफाइलमध्ये (नंतर रंग सुधारता यावेत म्हणून फिके चित्र नोंदवणाऱ्या सेटिंगमध्ये) चित्रण करणाऱ्यांनी मोजमाप त्याच प्रोफाइलमध्ये करावे. अनेक कॅमेऱ्यांत लॉग लावताच सर्वात कमी आयएसओ ६४० किंवा ८०० च्या आसपास जातो. आयएसओ १०० वरून ८०० म्हणजे तीन स्टॉप जादा, म्हणजे वरच्याच उन्हात एफ/२.८ ला सहा नव्हे, नऊ स्टॉप लागणार. ‘मित्राकडे एनडी६४ पुरतो, मला का पुरत नाही’ याचे उत्तर बहुतेक वेळा इथे सापडते.

पायरी ३: व्हिडिओसाठी शटर आधी ठरवा

हालचाल डोळ्याला सहज वाटावी म्हणून शटरचा वेळ एका फ्रेमच्या वेळेच्या निम्मा ठेवतात: २५ फ्रेम्सला १/५०, ५० फ्रेम्सला १/१००. भारतात वीज ५० हर्ट्झची असल्याने दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात, आणि हे दोन्ही शटर त्या लुकलुकण्याशी जुळतात. मंडपातल्या एलईडी माळा आणि हॉलमधल्या ट्यूब यांच्याखाली ३० फ्रेम्स आणि १/६० वर चित्रण केले तर चित्रावरून पट्टे सरकताना दिसू शकतात. स्वस्त डिमरवरचे काही एलईडी वेगळ्याच वेगाने लुकलुकतात, त्यांना हा नियम लागू पडत नाही. तिथे चाचणी घेऊनच शटर ठरवावा.

फ्रेम्स आणि शटर ठरले, आयएसओ तळाला नेला, ॲपर्चर हवे तेवढे उघडले. उरलेला प्रकाश एनडीने कापायचा. हा क्रम उलटा केला, म्हणजे हातात आहे ती काच लावून मग शटर जुळवत बसलात, तर प्रत्येक शॉटची हालचाल वेगळी दिसते आणि एडिटिंगच्या वेळी ते उघडे पडते.

बहुतेक मोबाइल आणि छोट्या ड्रोनचे ॲपर्चर बदलत नाही, त्यामुळे त्यांना एनडीशिवाय मार्गच नाही. एफ/१.७ च्या ड्रोनला आयएसओ १०० आणि १/५० वर भर उन्हात सात स्टॉपहून जास्त लागतात. एनडी८-१६-३२ चा संच तिथे अपुरा पडतो. ड्रोनचा फिल्टर त्याच मॉडेलचा हवा, कारण वजन थोडे जरी वाढले तरी गिंबलचा (कॅमेरा स्थिर धरणाऱ्या यंत्रणेचा) तोल बिघडतो. काच ड्रोन सुरू करण्याआधी लावावी.

पायरी ४: स्थिरचित्रासाठी उलटे गणित

इथे आधी ठरवायचे की पाणी कसे दिसायला हवे. धबधब्याच्या धारा रेशमी पण वेगवेगळ्या दिसायला हव्या असतील तर पाव ते एक सेकंद पुरतो. समुद्राची लाट परत जाताना वाळूवर पांढऱ्या रेघा ओढते, त्या अर्धा ते दोन सेकंदांत मिळतात. संपूर्ण समुद्राचे धुके करायचे असेल तर तीस सेकंद आणि पुढे.

पावसाळ्यात सह्याद्रीतल्या धबधब्यांवर जाणारे बरेच जण दहा स्टॉपची काच घेऊन जातात, आणि ती तिथे निरुपयोगी ठरते. दाट ढग आणि झाडीची सावली असल्याने एफ/११ ला शटर आधीच १/२५ च्या आसपास आलेला असतो. तीन स्टॉप लावले की तो १/३ सेकंद होतो, आणि काम झाले. दहा स्टॉप लावले तर चाळीस सेकंद जातात, वाऱ्याने पाने पुसली जातात आणि पाण्याचा नुसता पांढरा गोळा होतो. धबधब्यावर एनडी८ च्या जोडीला पोलरायझर (चकाकी कापणारा फिल्टर) मात्र जरूर न्या. तो एक-दोन स्टॉप स्वतः खातो आणि ओल्या कातळावरची चकाकी काढतो, त्यामुळे शेवाळाचा हिरवा रंग उघडा होतो.

कोकणच्या किनाऱ्यावर गणित बदलते. सूर्य मावळतीकडे झुकलेला असताना एफ/११ ला १/३० असेल, तर सहा स्टॉपने दोन सेकंद मिळतात आणि दहा स्टॉपने ३४ सेकंद. म्हणून निसर्गचित्र काढणाऱ्याची पहिली काच सहा स्टॉपची असावी असे आमचे मत आहे. दहाची नंतर.

दहा स्टॉपची काच लावल्यावर फोकस दिसत नाही, म्हणून क्रम पाळा: ट्रायपॉड, चौकट, फोकस, मग फोकस मॅन्युअलवर, स्थिरीकरण बंद, विनाफिल्टर एक चाचणी फोटो आणि सगळ्यात शेवटी काच. चाचणीचा वेळ गुणिले १०२४ (दहा वेळा दुप्पट, डबीवर तेच १००० असे लिहितात) हा नवा वेळ. १/१२५ चे ८ सेकंद, १/६० चे १७. तीस सेकंदांच्या पुढे बल्ब मोड (हवा तेवढा वेळ शटर उघडा ठेवणारा) आणि रिमोट लागतो. डीएसएलआर असेल तर व्ह्यूफाइंडर झाकावा, नाहीतर मागून शिरलेला प्रकाश फोटोवर जांभळट पट्टा सोडतो. सूर्यास्तानंतर लांब एक्सपोजर चालू असतानाच उजेड उतरत जातो, म्हणून हिशेबापेक्षा थोडा जास्त वेळ द्यावा. ट्रायपॉडचे पाय वाळूत आधीच दाबून घ्या. लाट परतताना पायाखालची वाळू नेते आणि कॅमेरा दोन मिलिमीटर खचला तरी फोटो गेला.

पायरी ५: स्थिर की व्हेरिएबल?

व्हेरिएबल एनडी म्हणजे एकमेकांवर फिरणारे दोन पोलरायझर. कडे फिरवले की काच गडद होते. हळदीच्या कार्यक्रमात अंगणातून घरात आणि घरातून पुन्हा अंगणात कॅमेरा पळवायचा असेल तर याला पर्याय नाही. दर वेळी काच काढायला कोण थांबेल?

पण त्याच्या खोडी माहीत हव्यात. कमाल गडदपणाकडे गेल्यावर चित्रात मोठी काळी फुली उमटते, वाइड लेन्सवर ती आधी दिसते. ‘एनडी२ ते ४००’ असे लिहिलेल्या स्वस्त फिल्टरमध्ये वरचे अर्धे अंतर म्हणूनच वापरता येत नाही. २ ते ५ स्टॉप एवढाच पल्ला असलेला आणि दोन्ही टोकांना कडे अडणारा फिल्टर घ्यावा. दुसरी खोड अशी की पोलरायझर असल्याने तो आकाश एका बाजूला गडद करतो, चेहऱ्यावरची स्वाभाविक चमक कमी-जास्त करतो, गाडीच्या काचेवर रंगीत ठिपके दाखवतो आणि एलसीडी पडदे काळे करू शकतो. कडे फिरवले की हे सगळे बदलतेही. त्यावर वेगळा पोलरायझर लावू नये. लांब टेलिफोटोवर स्वस्त व्हेरिएबल चित्र मऊ करतो, तिथे स्थिर काचच बरी.

लग्नाच्या कामाला २-५ चा एक चांगला व्हेरिएबल आणि भर उन्हासाठी सहा स्टॉपची एक स्थिर काच ही जोडी पुरते. लॉगमध्ये काम असेल तर ६-९ चा दुसरा व्हेरिएबल घ्यावा. सोनी एफएक्स६ मध्ये तर २ ते ७ स्टॉपचा इलेक्ट्रॉनिक एनडी आतच आहे, कॅनन सी७० मध्येही कॅमेऱ्यात एनडी आहे. असे कॅमेरे भाड्याने घेणार असाल तर वेगळ्या काचा आणण्याआधी हे तपासा.

पायरी ६: माप

लेन्सच्या टोपणामागे किंवा पुढच्या कड्यावर ⌀ या खुणेजवळ आकडा असतो: ६७, ७२, ७७, ८२. सर्वात मोठ्या लेन्सच्या मापाचा फिल्टर घ्या आणि लहान लेन्ससाठी स्टेप-अप रिंग, म्हणजे मोठा फिल्टर लहान लेन्सवर बसवणारे कडे, वापरा. उलट करू नका, मोठ्या लेन्सवर लहान काच लावली की कोपरे काळे पडतात. वाइड लेन्सवर दोन जाड काचा एकावर एक चढवल्या तरी तेच होते. स्टेप-अप रिंग लावल्यावर लेन्सचा स्वतःचा हूड (ऊन अडवणारी झापड) बहुधा बसत नाही, हा यातला तोटा.

पायरी ७: विकत घेतलेली काच तपासा

परत करण्याची मुदत संपण्याआधी ही चाचणी करा. सावलीतली पांढरी भिंत, कॅमेरा ट्रायपॉडवर, व्हाइट बॅलन्स एका आकड्यावर पक्का. ऑटो नको, तो दोष लपवतो. एक फोटो विनाफिल्टर, दुसरा फिल्टर लावून आणि शटर तितकेच स्टॉप हळू करून. दोन्ही फोटो सारखे उजळ नसतील तर काचेवरचा आकडा खरा नाही. हे फार वाईट नाही, खरा आकडा काचेच्या डबीवर लिहून ठेवा. संपूर्ण फोटोवर एकसारखी निळसर किंवा जांभळट झाक असेल तीही व्हाइट बॅलन्सने निघते. मध्यभाग एका रंगाचा आणि कडा दुसऱ्या, असे दिसले तर मात्र काच परत करा, कारण ते एडिटिंगमध्ये सुधारत नाही.

सहा स्टॉप आणि त्यापुढच्या काचांसाठी आणखी एक चाचणी. काळे सिंथेटिक कापड, म्हणजे एखादी छत्री किंवा बॅग, उन्हात ठेवून चित्रित करा. ते तपकिरी किंवा तांबूस दिसले तर काच दृश्य प्रकाश अडवते पण अवरक्त प्रकाश आत सोडते, आणि सेन्सर तो लाल म्हणून नोंदवतो. नवरदेवाचा काळा कोट मरून रंगाचा दिसण्याचे कारण हेच. अशा कामाला आयआर-एनडी किंवा फुल स्पेक्ट्रम म्हणून विकली जाणारी काच घ्यावी.

वापरताना

किती काळी दिसते यावर जाऊन एनडीमधून सूर्याकडे डोळ्याने पाहू नका, डीएसएलआरच्या व्ह्यूफाइंडरमधूनही नाही. सूर्यासाठीचा फिल्टर वेगळा असतो, घनता ५.० चा, म्हणजे एक लाखांश प्रकाश सोडणारा. दहा स्टॉपची काच हजारांश सोडते आणि अवरक्त किरण तर त्याहून जास्त.

समुद्राच्या तुषारांचे मीठ कोरड्या कापडाने घासले तर कोटिंगवर ओरखडे पडतात. आधी ओलसर मायक्रोफायबरने टिपून घ्या, मग कोरडे करा. पावसाळ्यात काचा ओल्या बॅगेत ठेवू नका, बुरशी धरते. हवाबंद डब्यात सिलिका जेलसोबत ठेवा. ॲल्युमिनियमचे कडे लेन्सवर अडकून बसले तर कडेने जोरात आवळू नका, आवळल्याने ते किंचित वाकते आणि आणखी घट्ट होते. कड्याभोवती रुंद रबरबँड गुंडाळा आणि तळहात सपाट टेकवून हलक्या हाताने फिरवा. पितळी कडी सहसा अडकत नाहीत, आणि चांगल्या फिल्टरची किंमत जास्त असते त्याचे एक कारण ते आहे.