धुतल्यावर डिझाइन गेलं कुठे? घरी कापडावर प्रिंट काढताना या चुका टाळा

माझी पहिली छापील पिशवी दिसायला झकास होती. हिरवी पानं आणि खाली काळ्या अक्षरांत एक ओळ. पहिल्याच धुण्यात पानांचे फिकट डाग उरले, अक्षरं मात्र जशीच्या तशी! मी कितीतरी दिवस इस्त्रीला बोल लावत होते. दोष शाईचा होता.

बऱ्याच घरगुती इंकजेट प्रिंटरमध्ये काळी शाई पिगमेंटची असते आणि रंगीत शाई डायची. डाय म्हणजे पाण्यात विरघळलेला रंग. कापड भिजलं की तो पुन्हा सुटतो. पिगमेंटचे बारीक कण पाण्यात विरघळत नाहीत, ते धाग्याला धरून राहतात. म्हणून डिझाइन निवडण्याआधी कार्ट्रिजवर किंवा शाईच्या बाटलीवर काय लिहिलंय ते वाचा. तिथे काही कळलं नाही तर एका सुती चिंधीवर सगळ्या रंगांच्या पट्ट्या छापा आणि दिवसभर वाळू द्या. मग चिंधी मधोमध कापून एक अर्ध पाच मिनिटं गार पाण्यात ठेवा. ते वाळलं की दुसऱ्या अर्ध्याशेजारी ठेवून बघा. कुठला रंग टिकतो ते तिथेच दिसेल.

शाई डायची निघाली तर प्रिंटर टाकून द्यायची गरज नाही. भिंतीवरची फ्रेम, वहीचं कव्हर अशा न धुवायच्या वस्तूंना ती चालते. धुवायच्या वस्तूंसाठी डाय शाई धरून ठेवणारा थर दिलेले तयार फॅब्रिक शीट मिळतात, ते वापरा. व्हिनेगरमध्ये नाहीतर मिठाच्या पाण्यात बुडवून रंग पक्का करण्याचा सल्ला मात्र सोडून द्या. सुती कापडावर त्याने ही शाई पक्की होत नाही.

कापड न धुता छापणं ही दुसरी चूक. नव्या कापडाला खळ असते आणि शाई धाग्यात मुरण्याऐवजी खळीवरच बसते. आधी साबणाने धुवा, सॉफ्टनर घालू नका. बारीक, घट्ट विणीचं पांढरं सुती कापड सगळ्यात चांगलं. मांजरपाटावर रंग थोडे मळकट येतात, पण मला ते आवडतात. गडद कापडाचा नाद करू नका. घरच्या प्रिंटरमध्ये पांढरी शाई नसते, त्यामुळे डिझाइनमधला पांढरा भाग म्हणजे कापडाचाच रंग. पॉलिएस्टरवर साधी इंकजेट शाई धरत नाही. त्यासाठी सब्लिमेशनची, म्हणजे उष्णतेने वायू होऊन धाग्यात शिरणारी, शाई आणि वेगळा प्रिंटर लागतो.

कापड प्रिंटरमध्ये अडकतं

नुसतं कापड लुळं असतं, रोलर ते चुरगाळणारच. म्हणून त्याच्या मागे फ्रीझर पेपर, म्हणजे फ्रीझरमध्ये पदार्थ गुंडाळून ठेवायचा कागद, चिकटवा. त्याच्या एका बाजूला प्लास्टिकचा पातळ थर असतो. ती चकचकीत बाजू कापडाच्या उलट्या बाजूला लावा आणि वाफ बंद ठेवून मधून कडेकडे इस्त्री फिरवा. कोपरे पुन्हा एकदा दाबा, सुटतात ते कोपरेच. ए४ मापाला, म्हणजे २१० × २९७ मिलिमीटरला, कापायचं ते चिकटवून झाल्यावर. आधी कापलं तर कापड आणि कागदाच्या कडा कधीच जुळत नाहीत. मग कडा उजेडात धरून बघा. बाहेर आलेला एखादा धागाही प्रिंट हेडखाली ओढला जातो आणि शाईचा फराटा उठतो. जी कड आधी आत जाणार, तिला टेपची पट्टी लावा. प्रिंटरला मागचा ट्रे असेल तर तिथूनच घाला, एका वेळी एकच. अडकलंच तर हिसका देऊ नका, प्रिंटर बंद करून हळू सोडवा.

हे सगळं फक्त इंकजेटसाठी. लेझर प्रिंटरमध्ये शाईची पूड तापवून वितळवतात. त्या उष्णतेने कागदावरचं प्लास्टिक वितळून आत चिकटलं, तर दुरुस्तीचा खर्च ठरलेला.

प्रिंट पुसट किंवा पसरलेली

फोटो पेपरची सेटिंग लावली की अनेकदा शाई जास्त पडते आणि विणीतून फुटते. आधी साधा किंवा मॅट कागद निवडून बघा. चित्र छापायच्या मापात इंचाला १५० ते २०० पिक्सेल असलं तरी चालतं, त्याहून बारीक तपशील विणीत तसाही हरवतो. म्हणजे ८ इंची चित्राला १२०० ते १६०० पिक्सेल. रंग स्क्रीनपेक्षा मंद येतात, तेव्हा थोडे गडद करून छापा.

अक्षरं उलटी करायची ती हलक्या रंगाच्या कापडासाठीच्या ट्रान्सफर पेपरवर, म्हणजे ज्यावरचं चित्र इस्त्रीने कापडावर उतरवतात त्या कागदावर. थेट कापडावर छापताना सुलटीच.

धुण्याची घाई

छापल्यावर २४ तास वाळू द्या, कागद सोलून काढा, कोरडी इस्त्री करा. पहिल्यांदा भरपूर गार पाण्यात, कापड पसरट ठेवून खळबळा. ओलं कापड घडी करून ठेवलं की सुटलेली शाई शेजारच्या पांढऱ्यावर उमटते आणि तो डाग सहसा जात नाही.

माझ्या पिशवीवरच्या पानांवर शेवटी हिरव्या दोऱ्याने भरतकाम केलं. फिकट कडा दिसत होत्या, त्यामुळे नमुना वेगळा काढावा लागला नाही.