चाळिशीनंतर कोळंबी सोसेनाशी झाली तर

लहानपणापासून कोळंबी, सोडे (सोलून वाळवलेली कोळंबी), चिंबोऱ्या म्हणजे खेकडे खाऊन मोठं झालेल्या माणसाला पंचेचाळिशीत त्याचीच ॲलर्जी होऊ शकते, हे पटायला वेळ लागतो. घरच्यांना तर जास्तच. "एवढी वर्षं खाल्लीस, मग आत्ताच काय झालं?" हे मला माहेरच्या पेणपासून सासरच्या ठाण्यापर्यंत सगळ्यांनी विचारलं. पण शरीर कुठल्याही वयात एखाद्या पदार्थाशी वाकडं धरू शकतं, आणि मोठेपणी नव्याने सुरू होणाऱ्या खाण्याच्या ॲलर्जींमध्ये कोळंबी-खेकड्याचा नंबर फार वरचा आहे. त्यासाठी कोळंबी शिळी असावी लागत नाही. आज सकाळी बोटीतून उतरलेल्या ताज्या कोळंबीनेही हेच होतं.

आम्ही सीकेपी. सोड्याची खिचडी, वांग्यात सोडे, पोह्यांत सोडे. आमच्याकडे सोडे नाहीत असा डबा सापडणं कठीण. म्हणून हे सगळं नीट समजून घेणं मला भाग पडलं. ज्यांच्या घरी असंच आहे त्यांच्यासाठी लिहिते.

आधी ओळखायचं कसं? खाल्ल्यापासून काही मिनिटांत, फार तर दोनेक तासांत त्रास सुरू होतो. टाळू आणि ओठ खाजतात, अंगावर लाल गांधी उठतात, पापण्या सुजतात, कुणाला उलट्या होतात. आपल्याकडे याला पटकन "पित्त उठलं" म्हणतात आणि आमसूल भिजवून त्याचं पाणी अंगाला चोळतात. आमसुलाने त्वचेला गार वाटेल, पण आत जे चाललंय ते थांबत नाही. पहिल्या वेळी फक्त खाज आली, म्हणून दुसऱ्या वेळीही तेवढ्यावरच भागेल याची कसलीही हमी नसते. माझ्या सासूबाई मायेनेच म्हणायच्या, "अगं, एक तरी खाऊन बघ, सवयीने जाईल." सवयीने जात नाही. घरी एकेक खाऊन बघणं हा यातला सगळ्यात धोक्याचा प्रकार आहे.

एक फरक मात्र लक्षात ठेवा. बांगडा, टूना असे मासे बर्फाविना उन्हात राहिले की त्यांत हिस्टामिन नावाचं रसायन साठतं. ते खाल्ल्यावर चेहरा लाल होतो, डोकं ठणकतं, गांधी उठतात, अगदी ॲलर्जीसारखंच. हिस्टामिन शिजवूनही जात नाही. पण त्या दिवशी एकाच ताटातले दोघं-तिघं लाल झाले असतील, तर दोष बहुतेक माशाचा असतो. म्हणून काय खाल्लं, किती वेळाने त्रास झाला, बरोबर जेवलेल्यांचं काय झालं आणि त्या दिवशी अंगदुखीची गोळी, दारू किंवा जोरदार व्यायाम झाला होता का, हे त्याच दिवशी वहीत लिहा. या तिन्हींमुळे ॲलर्जीचा झटका वाढू शकतो. डॉक्टर सगळ्यात आधी हेच विचारतात.

आता जीवावर बेतणारा भाग. घसा आवळल्यासारखा वाटला, आवाज घोगरा झाला, दम लागला, डोळ्यांपुढे अंधारी आली, किंवा गांधी आणि उलट्या एकदम सुरू झाल्या, तर सेट्रिझिनच्या गोळीवर विसंबू नका. ती खाज कमी करते. आवळलेला घसा ती मोकळा करत नाही आणि पडलेलं बीपीही वर आणत नाही. इथे लागतं ॲड्रेनलिनचं इंजेक्शन, मांडीच्या बाहेरच्या बाजूच्या स्नायूत, आणि तेही लगेच. १०८ ला फोन करा. माणसाला आडवं झोपवून पाय उंच ठेवा. दम लागत असेल तर बसू द्या, पण चालवत खाली नेऊ नका. एकदम उभं केलं की बीपी आणखी पडू शकतं. बरं वाटलं तरी काही तास हॉस्पिटलमध्ये थांबा, कारण उतरलेला त्रास पुन्हा उसळू शकतो. आपोआप टोचणारं पेन इथल्या मेडिकलमध्ये सहज मिळत नाही. डॉक्टरांशी स्पष्ट बोला, ते काय आणि किती द्यायचं हे लिहून देतील आणि कसं टोचायचं ते घरातल्या दोघांना तरी शिकवतील. माझ्याकडे मुलगा आणि नवरा दोघंही शिकलेत.

तपासणी ॲलर्जीच्या डॉक्टरांकडेच करा. त्वचेवर त्या पदार्थाच्या अर्काचा थेंब ठेवून हलकं टोचतात, किंवा रक्तात आयजीई हे ॲलर्जीचं प्रतिपिंड बघतात. त्वचेच्या चाचणीआधी साधारण आठवडाभर ॲलर्जीच्या गोळ्या बंद ठेवाव्या लागतात, ते त्यांना विचारूनच करा. नुसता रिपोर्ट पॉझिटिव्ह आला म्हणजे ॲलर्जी ठरली असं नाही, तो त्रासाशी जुळायला हवा. आयजीजी या दुसऱ्याच प्रतिपिंडावर बेतलेली शंभर-दोनशे पदार्थांची यादी विकतात, त्यावर पैसे घालवू नका. त्यातून ॲलर्जी कळतच नाही, माणूस उगाच दूध-गहू सोडून बसतो. आणि कोळंबीचा आयोडीनशी काही संबंध नाही. सीटी स्कॅनच्या वेळी टोचायच्या औषधात आयोडीन असतं म्हणून कुणी घाबरवलं तर हे सांगा.

कोळंबीतलं जे प्रथिन बहुतेकांना बाधतं, ते ट्रोपोमायोसिन. उकळलं, तळलं, वाळवलं तरी ते टिकतं. म्हणून करंदी-जवळा ही बारीक कोळंबी, सोडे, शेवंड, कुर्ली म्हणजे खेकडा, सगळं एकाच रांगेत. शिंपल्यातल्या तिसऱ्या, कालवं आणि माकूल यांत त्याचीच भावंडं असतात, पण ती प्रत्येकाला बाधतातच असं नाही. ते तपासूनच ठरवा. घरातल्या धुळीतल्या किड्यांमध्ये आणि झुरळांमध्येही ट्रोपोमायोसिन सापडतं. पापलेट-सुरमईचं प्रथिन मात्र वेगळं, त्यामुळे मासे सहसा चालतात. मलाही चालतात. पण खरी मेहनत इथूनच सुरू होते.

बाजारात एकाच फळीवर, एकाच पाण्यात कोळंबी आणि पापलेट असतात. माझी कोळीण आता मला बघितलं की आधी सुरी आणि फळी धुते, मगच सुरमई कापते. मी ते पहिल्यांदा सांगितलं तेव्हा तिने एका शब्दाने वाद घातला नाही, आणि त्याचं मला फार बरं वाटलं. सुका बाजार मी पूर्ण सोडला. सुके बोंबील नावाला मासाच, पण वाळवताना आणि टोपलीत जवळ्याचा चुरा त्यांना लागलेला असतो. घरी कोळंबी तळलेल्या तेलात बोंबील तळायचे नाहीत, रव्याची ताटली वेगळी, लाकडी पाट वेगळा. मसाल्याच्या डब्यातला सोड्यांचा चमचा आधी बाहेर काढा. कोळंबी शिजताना उठणाऱ्या वाफेनेही कुणाकुणाची छाती भरते, तेव्हा मी स्वयंपाकघरात थांबत नाही.

हॉटेलात "कोळंबी नको" एवढं सांगून पुरत नाही. "कोळंबीची ॲलर्जी आहे, हॉस्पिटलात न्यावं लागेल" असं सांगा, म्हणजे वेटर आत जाऊन विचारतो. तळणीचं तेल, थाई पेस्ट, चायनीज सॉस यांची खास चौकशी करा. पाकिटबंद पदार्थांवर कवचवाल्या जलचरांचा उल्लेख करणं भारतात बंधनकारक आहे, तो बारीक अक्षरांत असला तरी वाचा. गुडघ्यांसाठीच्या ग्लुकोसामिनच्या गोळ्या कोळंबी-खेकड्याच्या कवचापासूनही बनतात, त्या घेण्याआधी डॉक्टरांना विचारा.

मोठेपणी जडलेली ही ॲलर्जी सहसा जात नाही. तरी काही वर्षांनी पुन्हा तपासून घ्यावंसं वाटलं तर तो चव बघण्याचा कार्यक्रम हॉस्पिटलमध्येच, इंजेक्शन हाताशी ठेवून, डॉक्टरांच्या नजरेखाली करा.