पॅट्रिआर्क हेराक्लियसवर व्याख्यान तयार करताना

नाशिकच्या एखाद्या वाचनालयात किंवा कॉलेजच्या इतिहास मंडळात क्रुसेडवर, म्हणजे जेरुसलेमसाठी झालेल्या ख्रिस्ती धर्मयुद्धांवर, बोलायचं ठरलं की वक्ते मुस्लिम सुलतान सलाहुद्दीन आणि इंग्लंडचा राजा रिचर्ड यांच्यावर थांबतात. जेरुसलेमचा पॅट्रिआर्क हेराक्लियस हा त्याहून अवघड आणि चांगला विषय आहे. चाळीस मिनिटांचं भाषण आणि पंधरा मिनिटं प्रश्नोत्तरं, एवढा वेळ त्याला पुरतो. तयारीला मात्र तीन-चार संध्याकाळी द्या.

आधी नावाचा घोळ मिटवा. इंटरनेटवर 'हेराक्लियस, जेरुसलेम, पवित्र क्रूस' असं शोधलं तर सातव्या शतकातला बायझंटाईन सम्राट समोर येतो. येशूला ज्यावर खिळलं असं मानतात तो पवित्र क्रूस त्याने जेरुसलेमला परत आणला होता, त्यामुळे गफलत सहज होते. आपला माणूस बाराव्या शतकातला, फ्रान्सच्या ओव्हेर्न्य भागाकडचा, बोलोन्यात कायदा शिकलेला. 'पॅट्रिआर्क' म्हणजे पोप नव्हे, हे पहिल्या दोन मिनिटांत सांगा: जेरुसलेमच्या लॅटिन चर्चचा तो प्रमुख, पोपच्या खालचा, पण राजाला मुकुट घालणारा. शैव आखाडे त्र्यंबकेश्वरी आणि वैष्णव रामकुंडावर का, हे ठाऊक असलेल्या श्रोत्यांना धर्मपीठातला मान आणि सत्ता यांचं नातं फार समजावून सांगावं लागत नाही.

मग कालपट्टी. दोन चार्ट पेपर आडवे चिकटवा. ११६८ ते ११७९ ला दर वर्षी १ सेंटिमीटर, ११८० ते ११८७ ला दर वर्षी ७, आणि ११८८ ते ११९१ ला पुन्हा १. एकूण पट्टी ७२ सेंटिमीटर होते. सगळी वर्षं सारख्या मापाने काढली तर ११८४ ते ११८७ ची गर्दी मावत नाही आणि मागच्या रांगेतल्यांना काहीच दिसत नाही. माप बदलतं तिथे तुटक रेघ मारा, नाहीतर आधीची बारा वर्षं झटक्यात संपल्यासारखी वाटतात. पट्टीवर ११६९ ला जेरुसलेमचा आर्चडीकन (धर्मप्रमुखाचा मुख्य मदतनीस), ११७५ ला सीझेरिया शहराचा आर्चबिशप (प्रांताचा मुख्य बिशप), ११८० ला पॅट्रिआर्क असं लिहा. या भागावर बोलण्यात पाच मिनिटांहून जास्त घालवू नका.

खरं काम पट्टीखाली आहे. तिथे दोन ओळी आखा. निळ्या शाईत त्याने काय केलं, लाल शाईत त्याच्याबद्दल काय बोललं गेलं. प्रत्येक लाल नोंदीपुढे तीन गोष्टी हव्यात: कोणी लिहिलं, किती वर्षांनी, कोणाच्या बाजूने.

लाल ओळ लवकर भरते. जेरुसलेमचा राजा बाल्डविन चौथा याची आई अॅग्नेस हिचा तो प्रियकर होता म्हणून पद मिळालं. नाब्लूसच्या एका कापडविक्याची बायको पास्क दि रिव्हेरी त्याची रखेल होती आणि लोक तिला 'पॅट्रिआर्कीण' म्हणत. ११८० च्या निवडीतला प्रतिस्पर्धी, टायरचा आर्चबिशप विल्यम, याला त्याने विष घातलं. हे सगळं एर्नूलच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या जुन्या फ्रेंच बखरीच्या परंपरेतून येतं. एर्नूल हा जेरुसलेम राज्यातला सरदार इबेलिनचा बेलियन याचा सेवक, म्हणजे हेराक्लियसच्या विरोधी गटातला, आणि हातात असलेली संहिता घटनांनंतर काही दशकांनी आकाराला आली. विल्यमचा स्वतःचा इतिहास ११८४ पर्यंत येतो, पण ११८० ची निवड तो जेमतेम नोंदवतो. विषाची कथा आजचे इतिहासकार मानत नाहीत.

इथे गंगापूर रोडवरच्या आनंदवल्लीचं उदाहरण द्या. आनंदीबाईंनी 'ध'चा 'मा' केला ही कथा नाशिककरांना पाठ असते, पण त्या खाडाखोडीचा अस्सल कागद पुढे ठेवता येत नाही. तुलना एवढ्यावरच थांबवा. नारायणरावांच्या खुनात शिरलात की उरलेला अर्धा तास पेशवाईवरच जातो.

निळ्या ओळीत ११८४-८५ चा दौरा हवा. राजा बाल्डविन चौथा कुष्ठरोगाने खंगत चालला होता. हेराक्लियस टेम्पलर आणि हॉस्पिटलर या लढवय्या साधूंच्या पंथांच्या प्रमुखांसह मदत मागायला युरोपात गेला. टेम्पलर प्रमुख अर्नॉल्ड वाटेत व्हेरोनात वारला. इंग्लंडच्या दुसऱ्या हेन्रीपुढे जेरुसलेमच्या किल्ल्या आणि राजध्वज ठेवले गेले. १० फेब्रुवारी ११८५ ला त्याने लंडनच्या टेम्पल चर्चचं अभिषेकविधीने उद्घाटन केलं. ते चर्च आजही उभं आहे, म्हणून फोटो दाखवा. मार्चमध्ये क्लार्कनवेलच्या सभेनंतर हेन्रीने पैसा देऊ केला, स्वतः येणं टाळलं.

सर्वांत जास्त वेळ, बारा मिनिटं तरी, ११८६ ला ठेवा. खरा आरोप इथे आहे आणि तो लाल शाईतला नाही. बालराजा बाल्डविन पाचवा वारला. तसं झालं तर वारस पोप, सम्राट आणि फ्रान्स-इंग्लंडचे राजे ठरवतील, असं आधी ठरलं होतं. सरदार नाब्लूसला जमलेले असताना हेराक्लियसने जेरुसलेममध्ये बालराजाची आई सिबिला हिला मुकुट घातला. मुकुटांच्या पेटीला तीन किल्ल्या: एक त्याच्याकडे, एक टेम्पलर प्रमुखाकडे, तिसरी हॉस्पिटलर प्रमुख रॉजरकडे. रॉजर देईना, शेवटी त्याने ती फेकून दिली, असं बखर सांगते. दुसरा मुकुट सिबिलाने नवरा गीच्या डोक्यावर ठेवला. पेटीचं चित्र फळ्यावर काढा, किल्ल्या तीन दाखवा. तोंडी सांगितलं की श्रोते कोणती कोणाची ते विसरतात.

११८७ साठी दोन्ही शाया लागतात. सलाहुद्दीनने राज्याचं सैन्य मोडलं त्या हत्तीनच्या लढाईत क्रूस घेऊन हेराक्लियस स्वतः गेला नाही, अक्का या बंदराच्या बिशपला पाठवलं. जेरुसलेम वाचवण्यासाठी पवित्र कबरीच्या चर्चची चांदी काढून नाणी पाडली गेली. २ ऑक्टोबरला शहर सलाहुद्दीनच्या हाती पडलं. सुटकेची खंडणी पुरुषाला १० दिनार, स्त्रीला ५. सुमारे ७,००० गरिबांसाठी ३०,००० ची ठोक रक्कम. हजारो लोक तरीही गुलामगिरीत गेले आणि हेराक्लियस १० दिनार भरून चर्चचा खजिना घेऊन निघाला. ही नोंद सलाहुद्दीनचा चिटणीस इमादुद्दीन करतो. खजिना अडवा, असा सल्ला त्याने दिला. सलाहुद्दीनने करार मोडला नाही. इमादुद्दीन हेराक्लियसच्या विरोधी ख्रिस्ती गटातला नाही, म्हणून ही नोंद निळ्या ओळीत जाते. उरलेल्या गरिबांसाठी बेलियनसह ओलीस राहण्याची तयारी हेराक्लियसने दाखवली होती, हेही तिथेच शेजारी लिहा. वक्ते सहसा दोहोंपैकी एकच सांगतात, कोणतं ते त्यांचं मत ठरवतं.

पट्टीचं शेवटचं टोक क्रुसेडरांनी अक्काला घातलेल्या वेढ्याच्या छावणीत संपतं. तिथे तो आजारी पडून वारला. पट्टीवर नेमकी तारीख न घालता '११९०-९१ चा हिवाळा' एवढंच लिहा.