‘वॉन्टन’ वापरताना या चुका टाळा

कोल्हापुरातल्या अभ्यासिकांमध्ये स्पर्धा परीक्षेची मुलं इंग्रजी शब्दांच्या याद्या पाठ करतात. त्यात ‘वॉन्टन’समोर बहुतेकदा एकच अर्थ लिहिलेला असतो: स्वैर. तेवढ्यावर भागत नाही.

मोठी चूक होते ती शब्द फोडताना. ‘वॉन्ट’ म्हणजे हवं असणं, म्हणून हाव असलेला तो वॉन्टन, अशी युक्ती मुलं लढवतात. ती सोडून द्या. जुन्या इंग्रजीत ‘वॅन’ हा उणीव दाखवणारा उपसर्ग होता आणि ‘टेऑन’ या क्रियापदाचा अर्थ ओढणे, त्यावरूनच वाढवणे, शिस्त लावणे. दोन्ही मिळून अर्थ झाला वळण न लागलेला. आपणही ‘पोराला काही वळणच नाही’ म्हणतो, अगदी तेच. जर्मन लोक द्वाड मुलाला आजही ‘उनगेत्सोगेन’ म्हणतात, त्यातही हेच ‘ओढणं’ आहे. लॅटिनमधलं ‘दूकेरे’ याच कुळातलं, म्हणून ‘एज्युकेशन’ हाही या शब्दाचा लांबचा नातेवाईक. हे एकदा समजलं की पाठांतराची गरज उरत नाही.

दुसरी चूक, हा शब्द फक्त कामुकतेशी जोडण्याची. तो अर्थ पुढे आला आणि बाईला नावं ठेवायला फार वापरला गेला. आज कुणा बाईबद्दल तो लिहूच नये, अपमानच होतो.

आताचा मुख्य अर्थ आहे कारण नसताना, परिणामांची पर्वा न करता केलेलं नुकसान. पन्हाळ्याला जाऊन तटबंदीच्या दगडावर खिळ्यानं आपलं नाव कोरणं हे ‘वॉन्टन’ कृत्य. ना चिथावणी, ना फायदा, आणि शेकडो वर्षांच्या दगडावर कायमचा ओरखडा. चुकून धक्का लागून काही फुटलं तर तिथे हा शब्द बसत नाही, तो निष्काळजीपणा. कायद्याच्या भाषेतही हा शब्द आहे: दंगल घडवण्याच्या हेतूनं चिथावणी देण्याबद्दलचं भारतीय दंड संहितेचं कलम 153, आता भारतीय न्याय संहितेचं 192, त्याच्या इंग्रजी मजकुरात ‘वॉन्टनली’ येतं.

स्पेलिंगचं थोडक्यात: पहिल्या अक्षरानंतर ‘ए’ असेल तर हा शब्द, ‘ओ’ असेल तर चायनीज गाड्यावरचा पदार्थ. दोघांचा काही संबंध नाही.

आनंदासाठी मात्र ‘वॉन्टन’ लिहू नका. शाहू स्टेडियमवर आपल्या पेठेचा संघ जिंकल्यावर पोरं बेभान होऊन नाचतात, तो आनंद ‘अनब्रायडल्ड’, म्हणजे लगाम सुटलेला. त्याच पोरांनी बाहेर पडून उभ्या गाड्यांच्या काचा फोडल्या, तर ते ‘वॉन्टन’.