कुत्र्या-मांजराला परदेशी न्यायचंय? आधी चिप, मग लस

तिकीट शेवटी काढा. आधी कॅलेंडर घेऊन प्रवासाच्या तारखेपासून उलटे दिवस मोजा. जपानसारख्या रेबीजमुक्त देशात जायचं तर सात-आठ महिने हाताशी हवेत.

पहिलं काम मायक्रोचिपचं. तांदळाच्या दाण्याएवढी ही चिप दोन खांद्यांच्या मधे कातडीखाली टोचतात. आयएसओ या आंतरराष्ट्रीय प्रमाणाची, १५ अंकी क्रमांकाचीच घ्या. टोचल्यावर तिथेच स्कॅन करायला लावा आणि प्रत्येक कागदावर क्रमांक अंक न् अंक ताडून पाहा. एक अंक चुकला तरी कागद दुसऱ्याच प्राण्याचे ठरतात.

रेबीजची लस चिपनंतरच. बहुतेकांचं गाडं इथे अडतं. लस दरवर्षी दिलेली असते, चिप मात्र प्रवास ठरल्यावर बसते. चिपच्या आधीची लस अनेक देश धरत नाहीत, कारण ती याच प्राण्याला दिली याला पुरावा काय? मग पुन्हा लस, पुन्हा थांबणं. युरोपीय संघात लस देताना पिल्लू किमान १२ आठवड्यांचं लागतं आणि पहिल्या लसीनंतर २१ दिवस जावे लागतात. बूस्टरची तारीख उलटली तर पुढची लस पहिलीच धरली जाते.

तुम्ही राहता तो देश युरोपीय संघाच्या रेबीजचा धोका कमी असलेल्या देशांच्या यादीत नसेल तर रक्ताची चाचणीही आली. लसीनंतर किमान ३० दिवसांनी रक्त घेऊन मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत पाठवायचं. लसीमुळे रक्तात तयार झालेली रेबीजविरोधी प्रतिपिंडं दर मिलिलिटरला किमान ०.५ आंतरराष्ट्रीय एकक भरली पाहिजेत. त्यानंतर रक्त घेतल्या दिवसापासून तीन महिने थांबायचं. तुमचा देश जपान रेबीजमुक्त मानत नसेल तर तो दोन लसी आणि रक्त घेतल्यापासून १८० दिवस मागतो. त्यातले जेवढे दिवस कमी पडतील तेवढे दिवस प्राण्याला तिथल्या विलगीकरणात काढावे लागतात. येण्याची सूचनाही ४० दिवस आधी द्यायची.

आरोग्य प्रमाणपत्र मात्र आधीच करून ठेवू नका, युरोपात शिरताना ते दहा दिवसांच्या आतलं लागतं. ब्रिटन, आयर्लंड, फिनलंड, माल्टा आणि नॉर्वे कुत्र्यासाठी फीतकृमीचं औषधही मागतात. ते प्रवेशाच्या २४ ते १२० तास आधी पशुवैद्याने द्यायचं आणि वेळेसकट नोंदवायचं. विमान लांबलं तर हे तास पुन्हा मोजा.

पिंजऱ्यात प्राण्याला डोकं न टेकता उभं राहता आणि वळता आलं पाहिजे. गुंगीचं औषध देऊ नका. उंचीवर श्वासाला त्रास होतो, विमान कंपन्याही सहसा असा प्राणी घेत नाहीत.

पोपट किंवा कासव असेल तर आधी त्याची जात सायटिसच्या, म्हणजे धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, यादीत आहे का ते पाहा. बहुतेक पोपट आहेत, आणि त्यांना परवाना वेगळा लागतो.